अक्षरांची भावकी

६ नोव्हेंबर, गुरुवार
परभणीहून दुपारच्या पॅसेंजरनं पूर्णेला परत. खिडकीची जागा ह्यांना दिली. मिरखेल येईपर्यंत डोळे मिटून होते, मग उघडले आणि शेतं बघत बसले. मी ह्यांना बघत बसले.
नेहा मॅडम, बोलायला शिकवतात त्या, म्हणाल्या, "काकू, काका दिवसभरात जे बोलतील ते लिहून ठेवत जा. एक शब्द असला तरी." म्हणून ही वही. शाळेचीच आहे. ह्यांच्या कपाटात अशा कोऱ्या वह्यांची थप्पीच आहे.
आजचे शब्द: यस. सिट डाउन. व्हेरी गुड.
'सिट डाउन' मोठ्या डॉक्टरांना म्हणाले. डॉक्टर गुमान बसले.

८ नोव्हेंबर, शनिवार
गणपतीत लकव्याचा झटका आला, त्याला दोन महिने होऊन गेले. पाय सुधारला, काठी टेकत अंगणात येतात. उजवा हात अजून झोपलेला. वाचा तेवढी गेली. ताडकळसच्या शाळेत सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवली या माणसानं. आता इंग्रजीचे तीन-चार तुकडे उरलेत आणि मराठीचा एकही नाही. तहान लागली की माठाकडे बोट. ऊन लागलं की खिडकीकडे बोट. माझ्याकडे बोट करत नाहीत. नुसते बघतात.
संध्याकाळी पुण्याहून अमोलचा फोन. "आई, बाबा काय बोलले आज?" म्हटलं, व्हेरी गुड म्हणाले. लेकरू खूश झालं. चहाच्या कपाला म्हणाले, हे नाही सांगितलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी कपाट आवरायला काढलं. तळाशी निळ्या पुठ्ठ्याच्या तीन वह्या. वर ह्यांचं ते सुबक अक्षर: 'अक्षरांची भावकी'. पोरांना शिकवायची ह्यांची पद्धत होती ती, शाळाभर गाजलेली. मी ऐकून होते, वाचलं आज पहिल्यांदा. पहिल्याच पानावर लिहिलंय: 'ज्या शब्दांची सुरुवात एक, त्यांचं कूळ तपासावं. पुष्कळदा अर्थाचंही नातं निघतं. नाही निघालं, तर त्या शब्दाला पाहुणा समजून पाट द्यावा.'
पुढं जी-एलची भावकी. सगळी माणसं उजेडातली. ग्लो म्हणजे मंद तेज. ग्लिटर म्हणजे चकाकणं. ग्लिसन म्हणजे ओलं असताना चमकणं. ग्लान्स, ओझरती नजर. ग्लास तर काचच. आणि शेवटी एक ग्लूम. काळोख, उदासी. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं: 'उजेडाच्या घरी हा कसा?'
मी मोठ्यानं वाचत होते. माझं इंग्रजी म्हणजे आनंदच, दहावीला एकदा गटांगळी खाल्लेली. एका शब्दापाशी अडले. "ग्ली... ग्ली..." करत बसले.
मागून आवाज आला, "ग्लीम."
वळून बघितलं. खुर्चीत हे. ऊन अर्ध्या तोंडावर. परत म्हणाले, "ग्लीम." आणि डाव्या हाताची बोटं मिटून चटकन उघडली. वहीत अर्थ बघितला. 'क्षणभर दिसून जाणारी चमक.'
मी रडले. लपवायचं कशाला, वही माझी आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
ने. मॅ.ना सांगितलं. त्या खुर्चीवरून उठल्याच. म्हणाल्या, "बघा काकू, शब्द गेलेले नाहीत. आत आहेत. दार सापडत नाही त्यांना. पहिला आवाज तुम्ही द्यायचा, पुढचं ते बोलतील. आधी इंग्रजी येतंय तर येऊ द्या. मागनं मराठी येईल." येईल ना, असं विचारलं तर म्हणाल्या, बघू. पहिले काही महिने महत्त्वाचे म्हणे.
येताना गाडीत सारखं डोक्यात, दार सापडत नाही. एवढ्या मोठ्या घरात अंधारात चाचपडत फिरणारा माणूस. आणि बाहेर मी.

१६ नोव्हेंबर, रविवार
आता रोज दु. जेवणं झाली की आम्ही दोघं अंगणात, लिंबाखाली. माझ्या मांडीवर निळी वही. मी म्हणते "फ्ल". हे म्हणतात, "फ्लो. फ्लाय. फ्लॅग." एफ-एलची भावकी, सगळे हलणारे. वाहणं, उडणं, फडफडणं, तरंगणं. म्हणता म्हणता ह्यांचा डावा हातही हलायला लागतो. लिंबाची पिवळी पानं पडत असतात. एक पान बराच वेळ वरच रेंगाळलं, मी "फ्ल" म्हणायच्या आधीच हे म्हणाले, "फ्लोट."
माहेरी एक आत्या म्हणायची, नवऱ्याला पुस्तकांचा नाद असला की घरात सवत असते. खरं आहे बाई. सवतीचं बोलणं बरोबर येतंय ह्यांना. माझ्याशी अजून अबोला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
ने. मॅ.नी कागद दिलाय. चौकोन आखलेला. रोज सकाळी दोन गोष्टी करायच्या आणि खूण करायची. एक, काकांच्या समोर उभं राहून त्यांचं नाव स्पष्ट घ्यायचं, तीनदा, आणि त्यांना म्हणायला लावायचं. दोन, माझ्या नावाचं पहिलं अक्षर द्यायचं आणि ते पूर्ण करतात का बघायचं.
दुसरं ठीक आहे. वैशाली. 'वै' म्हणायचं.
पहिलं कसं करू? लग्नाला तीस वर्षं झाली, ह्यांचं नाव मी तोंडानं घेतलेलं नाही. बँकेत विचारलं तर कागद पुढं करते. दवाखान्यात अमोलनं सांगितलं. ने. मॅ.ना हे सांगायला गेले असते, पण त्या एवढ्याशा, जीन्स घातलेल्या. हसतील. मान हलवून कागद घेतला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी दार लावून प्रयत्न केला. हे समोर, दाढी करून बसलेले. मी तोंड उघडलं आणि "चहा आणू का" म्हणाले.
कागदावर दोन्ही चौकोनांत खूण केली.
हे पान मॅडमना दाखवायचं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार
जाताना गाडीत एक बाई, डोक्यावर मेथीची पाटी, पिंगळीला चढली. ह्यांच्याकडे बघतच राहिली. मग पाटी खाली ठेवून पायाच पडली. "सर, वळखलं का? मी ताडकळसची, तुमच्या सातवीच्या वर्गातली." हे म्हणाले, "सिट डाउन." ती खालीच बसली. मी हळूच सांगितलं, सरांना बोलता येत नाही सध्या. तिचं तोंड उतरलं. मग म्हणते, "यस-यन म्हंजे नाक, सर. मी इसरले न्हाई. स्नीझ, शिंकणं. स्निफ, हुंगणं..." आणि अडली.
"स्नोअर," हे म्हणाले. आणि चक्क घोरून दाखवलं!
डबा हसला. ती हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. उतरताना मेथीची जुडी माझ्या मांडीवर टाकून गेली, नको म्हणेपर्यंत दिसेनाशी झाली.
पोरं सर म्हणतात, गाव सर म्हणतं. सुनीता, शेजारच्या गार्डसाहेबांची बायको, ती पण सर. जावा-दीर अण्णा म्हणतात. अमोल बाबा.

९ डिसेंबर, मंगळवार
दु. लिंबाखालीच डोळा लागला. स्वप्न पडलं. ताडकळसची शाळा, पण भिंती नाहीत, ज्वारीत बाकं मांडलेली. बाकांवर शब्द बसलेत, भावकीनं. जी-एलवाले ओळीत, अंगावर ऊन घेऊन. एस-एनवाले नाक ओढत. हे हजेरी घेतायत, आवाज पूर्वीचा, भरलेला. मी उशिरा आले. कुठं बसू कळेना. एकेका बाकापाशी जाते, ते म्हणतात, तू आमच्यातली नाहीस. हे मान वर करून बघतात पण बोलवत नाहीत.
जागी झाले तर शाल माझ्या अंगावर. ह्यांची. डाव्या हातानं कशी टाकली असेल.

१४ डिसेंबर, रविवार
ह्यांची वही वाचून मलाही नाद लागला. आपल्या अक्षरांना भावकी नसते का? असते की. आज 'ग' घेतला. गप. गुमान. गुपचूप. गुपित. गुंगी. गुडूप. सगळी मुक्यांची बिऱ्हाडं! मग 'झ' घेतला. झरा, झुळूक, झिरपणं, झुळझुळ. ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं लक्ष देऊन, आणि शेवटी "व्हेरी गुड." या खेपेला चहासाठी नव्हतं ते.
पाहुणेही निघाले. 'ग'मध्ये गोंगाट. पाट दिला.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी थंडी मरणाची. खुर्ची उन्हात ओढली, शाल पांघरली. मी म्हणाले, "बरं वाटतंय ना? ऊ..." असंच, काही मनात नसताना.
"ऊन."
मराठी. पहिला शब्द.
मी परत म्हटलं, ऊ. परत म्हणाले, ऊन. तोंड वर करून, डोळे मिटून. शेजारी सुनीताला हाक मारली, ती पिठाच्या हातांनी पळत आली. "काय झालं वो वैनी?" ऊन म्हणाले, म्हटलं. ती म्हणे, "आं? पडलंयच की ऊन." तिला कळायला जरा वेळ लागला. मग आम्ही दोघी वेड्यासारख्या अंगणात.
अमोलला फोन केला. म्हणाला, बाबांना फोन दे.

२७ डिसेंबर, शनिवार
आठवड्यात आणखी आले. पाणी. भाकर. बस. गाडी (इंजिनाची शिट्टी ऐकून). पहिला आवाज द्यावा लागतो, मग येतात.
'वै' मात्र नाही. रोज सकाळी मी 'वै' म्हणते, हे माझ्याकडे बघून म्हणतात, "व्हाय?" आता ह्याला काय उत्तर देऊ.
सुरुवातीला मी हसायचे. आज नाही हसू आलं. भाकरीला नाव आलं, गाडीला आलं. माझी पाळी भाकरीच्याही मागं. वाईट वाटतं ते वाटतंच, मोठेपणा कुठून आणू. ह्यांनी चार शब्द कमी बोलावेत, पण माझ्याशी बोलावेत. मला ओळखून बोलावेत. दुसरं काही मागणं नाही.

८ जानेवारी, गुरुवार
आज वाईट दिवस.
ने. मॅ.नी ह्यांना विचारलं, "तुमचं नाव काय?" हे ऐटीत म्हणाले, "सर." त्यांनी पहिलं अक्षर दिलं. काही नाही. मग त्या पूर्ण नावानं बोलल्या, दोनदा. ह्यांनी दाराकडे बघितलं. दुसरं कोणी आलंय की काय, असं.
मॅडमनी माझा कागद काढला. दीड महिन्याच्या खुणा, एकही चौकोन रिकामा नाही. त्यांचं तोंड गंभीर झालं. "रोज नाव ऐकूनही ओळखत नसतील तर काकू, मला थोडी काळजी वाटते. स्वतःचं नाव सहसा जात नाही. शब्द येतील, पण घरातल्यांशी संवाद कितपत..."
गाडीत पिंगळी कधी गेलं कळलं नाही.

१० जानेवारी, शनिवार
ओळखत नाहीत असं नाही. ऐकलेलंच नाही. सासूबाई गेल्यावर या घरात ह्यांचं नाव घेणारं माणूस उरलं नाही. गावानं सर केलं, घरानं बाबा आणि अण्णा केलं, मी तर 'अहो'सुद्धा पदराआडून म्हणणारी. बारा वर्षांत जो आवाज कानावर पडला नाही, तो मॅडमच्या तोंडून ऐकला तर दाराकडेच बघणार माणूस.
आणि मी खोट्या खुणा केल्या. शिकल्यासवरल्या पोरीला फसवलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून ह्यांच्यावर काट मारली.
आज तीनदा समोर जाऊन उभी राहिले. नाव ओठांपर्यंत येतं आणि जीभ आत ओढते. लाज म्हणावी तर लाज नाही. सासूबाई सांगायच्या, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. खोटं आहे हे माहीत आहे. पण आजारी माणसावर कशाला करून बघायचं, असं आतून कोणीतरी म्हणतं.

१८ जानेवारी, रविवार
सुनीताकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. जाणार नव्हते. हेच म्हणाले, "गो." बरं.
वाण म्हणून गाळणी. तिळगूळ. मग बायका सुरू, "मास्तरीणबाई, नाव घ्या. तुमी सुटायच्या न्हाईत." सुनीता म्हणे, "नाव घ्या की वो वैनी, किती लाजायलाव! सून यायची वेळ झाली." मला एकच उखाणा येतो. लग्नात मामीनं पाठ करून घेतलेला.
'दोन नद्यांच्या मधी वसलं सासरचं गाव, जन्माची सोबत करतील...'
आणि थांबले. बायकांना वाटलं लाजले, टाळ्या पिटल्या. मग घेतलं. घेतलं की! नाव. एवढ्या बायकांत, मोठ्यानं. कोणाचं काही वाईट झालं नाही.
परत येताना पाय जमिनीला लागत नव्हते. उखाण्यात नाव घेता येतं. उखाण्यात कोणी मना केलेलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार
सकाळी. न्हाऊन, कालचीच साडी नेसून, कुंकू लावून ह्यांच्यापुढं उभी राहिले. हे खुर्चीत, बघायलेत, हिला काय झालं म्हणून.
म्हटलं, "दोन नद्यांच्या मधी वसलं सासरचं गाव..."
ह्यांची मान हळूच वर.
"जन्माची सोबत करतील..."
मी दम घेतला. तेवढ्यात,
"माधवराव."
मी नाही. हे म्हणाले. सावकाश, एकेक अक्षर पुसून ठेवावं तसं. मग छातीवर डावा हात ठेवला. "माधव." मग मोठ्यानं हसले, झटक्यानंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, हो, माधवराव. माधवराव. तीनदा म्हणायचं होतं, किती वेळा म्हटलं देव जाणे.
चहा उतू गेला. जाऊ दे.

२२ जानेवारी, गुरुवार
ने. मॅ.पुढं सगळं कबूल केलं. खोट्या खुणा, सगळं. त्या आधी रागावल्या. "काकू, दोन महिने! मी अमोलला काय काय सांगून बसले." मग ह्यांना नाव विचारलं, हे म्हणाले, "माधव. सर." मॅडम हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी.
मग विचारतात, "आणि काका तुम्हाला काय हाक मारायचे?"
मी विचार केला. 'ऐकलं का.' 'अगं.' पोरगं झाल्यावर 'अमोलची आई'. नुसतं खाकरणं. चपला जास्त जोरात काढणं.
"वैशाली कधीच नाही?"
नाही.
"मग काकू, तुम्ही रोज 'वै' कशाला देताय? जो शब्द त्यांच्या तोंडी कधी नव्हताच, तो परत कुठून येणार?"
खरं आहे. एवढं साधं. मी ज्या दारावर रोज थाप मारत होते, ते कोणी कधी वापरलेलंच नव्हतं.
मग मी कोणत्या अक्षराखाली आहे? आहे का तरी?

२८ जानेवारी, बुधवार
'ऐकलं का' देऊन बघितलं. 'अ' देऊन बघितलं. 'अमोल' आलं, छान आलं. पुढं नाही.
सं. अंगणात. टी-डब्ल्यूची भावकी काढली. ट्वाइस, दोनदा. ट्विन, जुळं. ट्वेल्व्ह, दहावर दोन. सगळ्यांत दोन लपलेलेत. ट्वायलाइट, दोन उजेडांच्या मधली वेळ. ही सगळी ह्यांनी म्हटली. आणि खरंच तीच वेळ होती, स्टेशनाकडे दिवे लागलेले, आभाळात अजून उजेड. वहीत शेजारी ह्यांनी बारीक लिहिलंय, 'या वेळेला मराठीत चांगला शब्द आहे, कातरवेळ. पण त्यात दोघं नाहीत.'
किती वर्षांपूर्वी लिहिलं असेल. मी तेव्हा आत भाकरी करत असेन. माणूस घरात एवढं सगळं मनात घेऊन फिरत होता आणि मी विचारलं नाही कधी. ह्यांनीही सांगितलं नाही. बोलता येत होतं तेव्हा आम्ही बोललोच किती? राग आला. ह्यांचा, माझा.

३ फेब्रुवारी, मंगळवार
जसं घडलं तसं लिहिते.
दु. मी अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत बसले होते, पाठ ह्यांच्याकडे. वही आत. कोणतंही अक्षर दिलेलं नाही. मागून हे म्हणाले, "कौसल्या."
मी भाजी खुडतच राहिले. परत, "कौसल्या." मनात आलं, हा कोणता शब्द, कोणत्या भावकीतला. वळलेच नाही मी. आणि मग एकदम हातातली काडी गळाली.
कौसल्या माझं नाव. माहेरचं. लग्नापर्यंतचं. सासूबाईंचंही तेच होतं, एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून मांडवातच बदललं. ह्यांनीच ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वैशाली' लिहिलं. आई-वडील गेल्यावर मला कौसल्या म्हणणारं जगात कोणी उरलं नाही. अमोललासुद्धा माहीत नाही. मी स्वतः विसरले होते, नाहीतर पहिल्याच हाकेला वळले नसते का?
माझ्या तोंडून ह्यांनी ते नाव एकदाच ऐकलेलं. मला बघायला आले होते, मी पोहे घेऊन गेले, मला विचारलं, नाव काय? मी सांगितलं. सासूबाई हसल्या, "अगं बाई, माझंच की!" हे हसले नाहीत. 'छान आहे' म्हणाले, खाली बघून. बस.
वळले तेव्हा हे माझ्याकडेच बघत होते. मी विचारलं, "कोणाला हाक मारली?" ऊन डोळ्यांवर आलं होतं, ह्यांनी ते मिटले.

४ फेब्रुवारी, बुधवार
अमोलला सांगितलं. म्हणतो, "आजीचं नाव आहे ना ते? बाबांना जुनं आठवायला लागलंय. चांगलं लक्षण आहे, आई." बरोबर आहे त्याचं. त्याला एकच कौसल्या माहीत.
फोन ठेवला. पण दिवसभर घोळतंय. आजारात माणसाला आई आठवते, हे खरं. पण मुलगा आईला नावानं हाक मारत नाही. मारतो का? झटका आल्यावर रीतभात कुठं राहते, असंही कोणी म्हणेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार
ने. मॅ.ना विचारलं. म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही काकू. तुम्ही ओ दिलीत का?"
नाही दिली. मी प्रश्न विचारत बसले.

७ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी दहा-सव्वादहा. दोन दिवस नव्हतं, आज परत. मी दारात, हातात केरसुणी. "कौसल्या."
"ओ," मी म्हणाले.
तीस वर्षांनी त्या नावाला ओ दिली. आवाज माझाच होता, पण जरा लहानपणचा.
ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत, पोहे घेऊन आलेल्या मुलीकडे बघावं तसं. मग डाव्या हातानं शेजारची खुर्ची थोपटली. मी केरसुणी टाकून बसले. ह्यांचे ओठ हलले. काहीतरी सांगायचंय. मोठं आहे, एका शब्दाचं नाही. कपाळाला घाम आला. मी पुसला. परत ओठ हलले, परत थांबले.
आता साडेअकरा. हे अजून शोधतायत. मी वही मांडीवर घेऊन शेजारीच बसलेय. पहिलं अक्षर मी कसं देऊ? काय सांगायचंय, मला कुठं माहीत आहे.